जास्वंदीचा नवा रंग आणि परभणीची भेंडी: दूरच्या संकराचे पेपर कसे वाचायचे

वनस्पतिशास्त्र किंवा उद्यानविद्या घेऊन एम.एस्सी. केलेल्यांना सिनॉप्सिस लिहिताना एक विषय हमखास भुरळ घालतो. थंडी सोसणारी 'हार्डी' जास्वंद आणि आपली उष्ण कटिबंधातली जास्वंद यांचं परपरागण करायचं आणि नवे रंग काढायचे. कल्पना ऐकायला झकास आहे. हार्डी जास्वंदीचं फूल जेवणाच्या ताटाएवढं, पण रंग पांढरा, गुलाबी, लाल एवढेच. खणखणीत पिवळा-केशरी तिच्यात जवळपास नाहीच. आपल्या जास्वंदीत पिवळा आहे, केशरी आहे, एकाच फुलात तीन रंगही आहेत. मग दोघींचा संकर केला की ताटाएवढं पिवळं फूल मिळणार. कागदावर हा हिशोब सरळ सुटतो.

हा हिशोब कुठे फसतो ते मी इथे तपासणार आहे. त्यासाठी जास्वंदीवरचे पेपर शेवटी घेऊ. आधी आपल्या शेजारच्या परभणीतले, भेंडीवरचे दोन जुने पेपर वाचू. भेंडी का? एक तर लिनिअसने १७५३ मध्ये भेंडीला हिबिस्कस एस्क्युलेंटस असंच नाव दिलं होतं. म्हणजे ती जास्वंदीच्याच प्रजातीत होती. 'अबेलमॉस्कस' हे तिचं आजचं घर नंतरचं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. दोन वेगळ्या जातींचा संकर पेपरातून निघून शेतकऱ्याच्या पिशवीत पोहोचला, असं मराठवाड्यातलं ठळक उदाहरण तेच आहे.

पण त्याआधी तुमच्या शीर्षकातला 'हार्डी' हा शब्द खोडा.

तो शब्द नर्सरीच्या पाटीवरचा आहे, वर्गीकरणातला नाही. बर्फात तग धरते ती हार्डी, एवढाच त्याचा अर्थ. त्यात उत्तर अमेरिकेतल्या दलदलीची हिबिस्कस मॉस्क्यूटोस येते आणि पूर्व आशियातली झुडूपवजा हिबिस्कस सिरिॲकसही येते. पण या दोघी एकमेकींच्या सख्ख्या नाहीत. मॉस्क्यूटोस आणि तिच्या जवळच्या कॉक्सिनिअस, लेव्हिस यांची गुणसूत्रं ३८. सिरिॲकसची सहसा ८०. आता आपली अंगणातली हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस घ्या. तिच्या निरनिराळ्या वाणांत गुणसूत्रांची संख्या ३६ पासून पार २०० च्या पुढेपर्यंत नोंदली गेली आहे. म्हणजे 'हार्डी गुणिले ट्रॉपिकल' असं तुम्ही लिहिता तेव्हा नेमकी कोणती कोणाशी, हे वाचणाऱ्याला कळतच नाही. मुलाखतीत पहिला प्रश्न तिथेच येणार.

आणि नावावरून अंतर मोजू नका. फाईल आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये हरितलवकातल्या डीएनएवरून जास्वंदीच्या कुळाचा वंशवृक्ष मांडला. त्यात 'हिबिस्कस' ही प्रजाती एकसंध राहिली नाही; भेंडीची अबेलमॉस्कससुद्धा तिच्या पोटात शिरलेली दिसली. 'दोन्ही हिबिस्कसच आहेत, म्हणून संकर जमेल' हे वाक्य बऱ्याच सिनॉप्सिसमध्ये असतं. ते वाक्य या एका पेपरने निकालात निघतं.

अजून एक साधी गोष्ट. घरच्या लाल जास्वंदीला बोंड धरलेलं तुम्ही कितीदा पाहिलंय? बहुतेकांनी एकदाही नाही. ती आपण छाट कलमानेच वाढवत आलो, आणि तिचे पुष्कळ वाण बी धरण्याच्या बाबतीत जवळजवळ वांझ आहेत. जी बाई स्वतःच्या घरात नांदत नाही तिच्याकडून परदेशी सोयरिकीची अपेक्षा, असा हा प्रकार. (उपमा थोडी जुन्या वळणाची आहे, चालवून घ्या.)

आता परभणी.

भेंडीचा केवडा रोग तुम्हाला माहीत असेलच. पानाच्या शिरा पिवळ्या पडतात, मग सगळं पान, मग भेंडीही पिवळी. काही भागांत त्याला हळद्या म्हणतात. विषाणूचा रोग, पसरवते पांढरी माशी. मुंबई इलाख्यातून त्याची नोंद कुलकर्णी यांनी १९२४ मध्येच केली होती. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत हरभजन सिंग यांनी त्यावर 'पुसा सावनी' हा वाण काढला. हा वाण जालन्याच्या इतिहासातही आहे, कारण बद्रीनारायण बारवाले यांच्या बियाण्याच्या कामाची सुरुवात याच भेंडीच्या बियाण्यापासून झाली. पुढे १९६४ मध्ये जालन्यात महिको उभी राहिली आणि १९९८ मध्ये बारवाल्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पण दरम्यान पुसा सावनीची प्रतिकारशक्ती ढासळली होती. शेतात ती केवड्याला बळी पडू लागली.

परभणीच्या तेव्हाच्या मराठवाडा कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर यांनी हा प्रश्न इथून उचलला. त्यांचा १९८१ चा पेपर 'थिऑरेटिकल अँड अप्लाइड जेनेटिक्स' या नियतकालिकात आहे, फक्त चार पानांचा. त्यांनी पुसा सावनीचा संकर भेंडीच्या रानटी नातलगांशी, अबेलमॉस्कस मॅनिहॉट गटातल्या झाडांशी केला. पहिल्या पिढीतली झाडं रोगाला बळी पडली नाहीत. पुढच्या पिढ्यांत आणि बॅकक्रॉसमध्ये निरोगी आणि रोगट झाडांची विभागणी पाहून त्यांनी निष्कर्ष काढला, की प्रतिकारशक्ती एकाच प्रभावी जनुकावर आहे.

या पेपरची ताकद कशात आहे? संकर झाला यात नाही. भेंडी आणि मॅनिहॉट यांचा संकर मिळणं तुलनेने सोपं आहे. भेंडीची गुणसूत्रं साधारण १३० आणि मॅनिहॉटची साठ ते अडुसष्टच्या घरात असूनही बी धरतं. खरी अडचण नंतर सुरू होते. संकरित झाड बऱ्याच अंशी वांझ निघतं आणि दिसायलाही अर्धं रानटी. ते भेंडीकडे परत आणायचं तर पुन्हा पुन्हा भेंडीशी संकर करावा लागतो, आणि प्रत्येक फेरीत रानटी जातीचा सरासरी वाटा निम्मा होतो: ५० टक्के, २५, साडेबारा, सव्वासहा. हा वाटा घटत असताना तुम्हाला हवा तो एक गुण हातातून निसटता कामा नये. जांभळे-नेरकरांचा गुण निसटला नाही, कारण तो प्रभावी होता आणि प्रत्येक पिढीत उघड दिसत होता. रोगाच्या दिवसांत रोपं शेतात लावा, पांढरी माशी आपलं काम करते, पिवळं पडलं ते उपटा. निवडीला प्रयोगशाळा लागत नाही. त्यांनी दूरच्या संकरासाठी योग्य गुण निवडला, हे त्यांचं श्रेय मला संकरापेक्षा मोठं वाटतं.

आता हरकती. पेपर आवडला म्हणून हरकत घ्यायची नाही असं नसतं.

पहिली हरकत 'एकच प्रभावी जनुक' या निष्कर्षावर. याच रोगाबद्दल हरभजन सिंग आणि सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये दोन अप्रभावी जनुकं सांगितली होती, तर ठाकूर यांनी १९७६ मध्ये दोन परस्परपूरक प्रभावी जनुकं. तीन पेपर, तीन उत्तरं. इथे 'मतभेद आहेत' असं लिहून पुढे सरकू नका, परीक्षक तिथेच थांबतो. तुम्ही विचारायचं ते असं: प्रत्येकाने आई-बाप कोणते घेतले? रोग कसा मोजला, 'झाला की नाही झाला' असा, की किती झाला असा? आणि संकर अर्धवट वांझ असेल तर दुसऱ्या पिढीत जी झाडं मिळाली ती सगळी शक्य झाडं होती, की जगू शकली तेवढीच? तीनास एक हे प्रमाण वाटाण्यात जेवढं निर्धास्त वाचता येतं तेवढं अशा संकरात वाचता येत नाही. जी बीजं रुजलीच नाहीत त्यांचा गट कोणता होता, हे काय-स्क्वेअर सांगत नाही.

दुसरी हरकत नावाची आहे आणि ती त्या काळातल्या सगळ्याच पेपरांना लागू पडते. पश्चिम आफ्रिकेत लावली जाणारी एक भेंडी बराच काळ मॅनिहॉटच्या नावाखाली फिरत होती. ती अबेलमॉस्कस कायलेई ही वेगळी जात आहे हे १९८० च्या दशकात नीट मांडलं गेलं, आणि तिची गुणसूत्रं जवळपास १९० च्या पुढे आहेत. म्हणजे जुन्या पेपरात 'मॅनिहॉट' वाचलं की लगेच वहीत मॅनिहॉट उतरवू नका. बी कुठून आलं, कोणत्या क्रमांकाचं होतं, गुणसूत्रं मोजली का, हे शोधा. आपल्याकडचं 'रानभेंडी' हे नावही तसंच भोंगळ आहे, तीन-चार वेगळ्या झाडांना ते सर्रास लावतात.

दुसरा पेपर म्हणजे १९८६ ची 'हॉर्टसायन्स'मधली दोन पानी नोंद. 'परभणी क्रांती' या वाणाची. पुसा सावनी आणि मॅनिहॉटच्या संकरातून निवडत निवडत आलेली ही भेंडी पुढे भारतभर गेली. मात्र वाणाची नोंद हा लिखाणाचा प्रकारच असा आहे की त्यात उगम, वर्णन, उत्पन्न आणि बियाणं कुठे मिळेल एवढंच विचारलं जातं. किती फुलं संकरित केली, किती बोंडं गळाली, किती झाडं उपटली, हे विचारलंच जात नाही. वाचणाऱ्याच्या मनात त्यामुळे एक सरळ रस्ता उमटतो: संकर, निवड, वाण. हा रस्ता सरळ नव्हता. त्याच दोघांनी मधल्या काळात संकराची गुणसूत्रं दुप्पट करून वांझपणावर मात करण्याचाही प्रयत्न केला होता आणि तो वेगळ्या पेपरात छापला. तुम्ही फक्त १९८६ ची नोंद वाचलीत तर हे बाजूचे रस्ते दिसणारच नाहीत. आणि वाणाचं पुढे काय झालं तेही दिसणार नाही. परभणी क्रांतीही कालांतराने अनेक ठिकाणी केवड्याला बळी पडू लागली. विषाणू बदलत राहतो. एका जनुकाच्या कुलुपाची किल्ली त्याला कधीतरी सापडतेच.

हे सगळं आता जास्वंदीच्या रंगाशेजारी ठेवून बघा.

रंग हा प्रतिकारशक्तीसारखा गुण नाही. जास्वंदीचा लाल-गुलाबी रंग अँथोसायनिनचा, तो पेशीतल्या रिक्तिकेत विरघळलेला असतो. पिवळ्या-केशरीत कॅरोटिनॉइडचा मोठा भाग असतो, तो रंगकणिकांत. दोघांचे रासायनिक मार्ग वेगळे, जनुकं वेगळी. त्यात फ्लॅव्होनॉल हे बिनरंगी किंवा फिकट पिवळे सोबती मिसळले की अँथोसायनिनची छटा बदलते, पेशीरसाच्या आम्लतेनेही बदलते. म्हणजे 'पिवळा' हा एक गुण तुम्ही उचलून नेणार नाही; अनेक जनुकांचा एक गठ्ठा नेणार. वर सांगितलेली बॅकक्रॉसची घट आठवा. एकच प्रभावी जनुक सव्वासहा टक्क्यांत टिकवता येतं. पाच-सात जनुकांचा गठ्ठा, तोही गुणसूत्रांचे अनेक संच असलेल्या झाडात, टिकवायचा तर किती हजार रोपं वाढवावी लागतील याचा अंदाज सिनॉप्सिसमध्ये कोणीच देत नाही.

भेंडी पेरली की दीड-दोन महिन्यांत फुलते आणि रोग तर त्याआधीच दिसू लागतो. जास्वंदीच्या रोपाला पहिलं फूल यायला सहसा वर्ष लागतं, कधी जास्त. फेलोशिप पाच वर्षांची. कोर्सवर्क, मंजुरी आणि झाडं मागवणं यात पहिलं वर्ष गेलं असं धरा. राहिलेल्या चार वर्षांत किती पिढ्या बसतात ते तुम्हीच मोजा.

बरं, रंग मोजणार कसा? हा प्रश्न मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो सोपा समजून सोडला जातो. हिबिस्कस म्युटॅबिलिसचं फूल सकाळी पांढरं असतं आणि संध्याकाळी गडद गुलाबी. आपल्या जास्वंदीच्याही बऱ्याच वाणांचा रंग डिसेंबरात एक आणि मे महिन्यात दुसराच. जालन्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा उमललेलं फिकट फूल पाहून 'नवी छटा मिळाली' म्हणणार का? रंगतक्ता लावून, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या ऋतूत, आई-बापांच्या फुलांशेजारी ठेवून मोजल्याशिवाय 'नवा रंग' या शब्दाला काही अर्थ नाही. मोबाईलवरच्या फोटोला तर अजिबात नाही.

मग जास्वंदीत दूरचे संकर झालेच नाहीत का? झालेत, पण कुठे झालेत ते बघा. अमेरिकेत रॉबर्ट डार्बी यांनी १९५५ मध्ये 'लॉर्ड बाल्टिमोर' हा प्रचंड लाल फुलांचा वाण दिला, तो मॉस्क्यूटोसच्या गटातल्याच जाती एकमेकींत मिसळून. नेब्रास्कातल्या फ्लेमिंग बंधूंचा तांबूस पानांचा 'कॉपर किंग' त्याच गटातला. आपल्या जास्वंदीतले शेकडो वाणही तिच्याच गटातल्या, झुंबरासारख्या लोंबणाऱ्या स्किझोपेटॅलससारख्या बहिणींशी झालेल्या मिश्रणातून आले. गटाच्या आत भरपूर, गटाबाहेर फार थोडं. एवढं एक वाक्य तुमच्या साहित्य-आढाव्यात आलं तरी तो आढावा निम्म्याहून चांगला होतो.

गटाच्या कडेला काम कसं करावं याचा नमुना हवा असेल तर बेल्जियमच्या वान लारे आणि सहकाऱ्यांचा २००७ चा 'युफायटिका'तला पेपर वाचा. सिरिॲकस, सायनोसिरिॲकस आणि पॅरॅम्युटॅबिलिस, म्हणजे तिन्ही आशियाई आणि जवळच्याच. त्यांच्या संकरातसुद्धा अडथळे येतात, आणि पेपरचा मोठा भाग त्या अडथळ्यांवर खर्च झालाय. संकरित म्हटलेलं रोप खरंच संकरित आहे का, हे त्यांनी चेहऱ्यावरून ठरवलं नाही; डीएनएच्या खुणा आणि गुणसूत्रं तपासली. तुमच्या प्रस्तावात या तपासणीचा खर्च नसेल तर तुमच्या 'संकरा'त आईचंच स्वपरागण लपलेलं असू शकतं, आणि तीन वर्षांनी फूल आल्यावर ते कळेल.

इथे जालन्याचा फायदा सांगायलाच हवा, कारण तो फारसा कोणी घेत नाही. जास्वंद, कापूस, भेंडी या तिघींच्या फुलाची रचना एकच: पुंकेसरांची नळी, तिच्या आतून वर आलेला कुक्षीवृंत. आपल्या जिल्ह्यातल्या बीजोत्पादनाच्या प्लॉटवर बायका रोज संध्याकाळी उद्या उमलणारी कळी सोलून नर काढतात आणि सकाळी नराचं फूल घासून जातात. परागकोश सोलताना कुक्षीवृंताला नख लागलं तर बोंड गळतं, हे पुस्तकात एका ओळीत असतं आणि त्यांच्या बोटांत असतं. जास्वंदीच्या संकराला हात घालण्याआधी एक हंगाम असा प्लॉट बघा. मजुरी कशावर ठरते, किती कळ्यांमागे किती बोंडं धरतात, हे त्या तुम्हाला पेपरपेक्षा नेमकं सांगतील. तुमच्या शंभर फुलांमागे तीन बोंडं आली तर दोष जातींचा की हाताचा, हे ठरवायला तो आकडा लागतो. शिवाय त्याच दिवशी, त्याच हाताने जास्वंदीच्या एकाच गटातला एखादा सोपा संकर करून ठेवा. तो धरला आणि लांबचा धरला नाही, तरच 'अडथळा' हा शब्द वापरता येतो.

राहिला हेतूचा प्रश्न. थंडी सोसण्याचा गुण जालन्यात कोणाला हवाय? इथे बर्फ पडत नाही. मॉस्क्यूटोस तर हिवाळ्यात जमिनीलगत वाळून पुन्हा फुटणारी; आपल्या सौम्य थंडीत ती विश्रांती तिला नीट मिळेल का, हाच वेगळा प्रयोग आहे. आणि राजूरच्या गणपतीला जाणारा माणूस लाल पाच पाकळ्यांचीच जास्वंद घेतो, त्याला पिवळं ताट देऊन बघा. 'व्यापारी महत्त्व' या परिच्छेदात आयात फुलबाजाराचे आकडे टाकण्याआधी हे स्वतःला विचारा.

विषय सोडून द्या असं मी म्हणत नाही. तो लहान करा. 'नवे रंग' काढून टाका आणि असं विचारा: आपल्या जास्वंदीचे परागकण मॉस्क्यूटोसच्या कुक्षीवर रुजतात का, परागनलिका कुठपर्यंत उतरते आणि नेमकी कुठे थांबते? ॲनिलीन ब्लू आणि फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शक असला की याचं उत्तर दोन हंगामांत मिळतं. फलन झालं आणि भ्रूण मेलं तर भ्रूण वाचवण्याचा पुढचा टप्पा खरा. परागनलिका कुक्षीवरच अडली तर भ्रूणाची भाषा व्यर्थ. पहिल्या रकान्यात संकरित केलेल्या फुलांची संख्या लिहा, दुसऱ्यात चोवीस तासांनी, तिसऱ्यात अठ्ठेचाळीस तासांनी तपासलेली फुलं, चौथ्यात टिकलेली बोंडं, पाचव्यात भरलेलं बी. शेवटच्या रकान्यात शून्य आलं तरी वरचे चार रकाने भरलेले असतील, आणि जास्वंदीवर पुढे काम करणारा तुमचा तक्ता उघडून तिथूनच सुरुवात करेल.